आधी तुम्ही

दारात हरणं म्हणजे काय ते इरजला माहीतच नव्हतं. लिफ्टचं दार असो, रोटीच्या दुकानाचं असो, नाहीतर मयताच्या घरचं असो. समोर कितीही सभ्य माणूस येऊ दे, "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही", "तुम्ही असताना माझी काय टाप" असं करत करत शेवटी समोरचाच घामाघूम होऊन आत जायचा, आणि इरज त्याच्यामागून, हात छातीवर, मान जराशी कललेली. तेहरानच्या युसुफाबाद भागात या बाबतीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता आणि हे तो स्वतःच सांगायचा. म्हणजे 'मी कसला, मी तुमच्या पायाची धूळ' अशा शब्दांत सांगायचा, पण ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं. एकदा एका निवृत्त न्यायाधीशाबरोबर तो दवाखान्याच्या दारात इतका वेळ अडून राहिला की आतले डॉक्टर कंटाळून घरी निघून गेले. पण आधी आत गेले ते न्यायाधीशच.

मग थंडी सुरू होणाऱ्या आबान महिन्यातल्या एका संध्याकाळी शहलानं चहाचे दोन पेले आणून टेबलावर ठेवले आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तरलानचा फोन होता. ये म्हणतेय. बाळ झालं की तिला एकटीला झेपायचं नाही म्हणतेय. सुट्टीला नाही रे, राहायलाच. तिकडचे कागद ते दोघं बघतायत. जाऊ का मी?" इरजनं साखरेचा खडा नुकताच दातांत धरला होता. त्यानं विचार केला नाही. असल्या वेळी विचार करायची गरजच नसते, जीभ आपली आपण चालते. "हे काय विचारणं झालं?" तो म्हणाला. "जा की! खुशाल जा. माझं काय, मी मजेत राहीन." आणि तो थांबला. आता ती म्हणणार, छे रे, तुला टाकून कशी जाऊ. मग आपण म्हणणार, माझ्यासाठी पोरीला वाऱ्यावर सोडतेस की काय. मग ती म्हणणार, तुला साधं अंडं उकडता येत नाही. मग आपण जरा गप्प बसणार, आणि त्या गप्प बसण्यात सगळं ठरून जाणार, की ती जात नाहीये. आजवर या घरातली प्रत्येक गोष्ट अशीच ठरली होती. पडद्यांचा रंगसुद्धा.

"बरं," शहला म्हणाली, आणि आत गेली.

साखर दातांत विरघळून गेली. चहा प्यायचा राहिलाच. जिभेवर नुसता गोडवा चिकटून बसला, आणि घशाच्या खाली कुठंतरी, जिन्यात आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीतरी झालं. त्याला वाटलं, ती आतून परत येईल. आतून भांड्यांचा आवाज येत होता, नेहमीसारखा. खाली गल्लीत कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी 'या, या, या' म्हणत होतं. इरज बसून राहिला. पहिल्याच वेळेला 'बरं' म्हणतात का कोणी? गिऱ्हाईक म्हणत नाही, पाहुणा म्हणत नाही. भिकारीसुद्धा आधी 'तुमचा हात न दुखो' म्हणतो. द्यायचं नसलं तरी पुढे करायचं, हवं असलं तरी नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा तोंडातून जे निघेल ते खरं धरायचं, ह्यालाच तर तआरोफ म्हणतात. हे काय कोणी शिकवावं लागतं? आईच्या दुधातून येतं ते.

इरजचं चष्म्याचं दुकान होतं, आता भाच्याच्या हवाली केलेलं. त्या अंधाऱ्या मागच्या खोलीत, भिंतीवरच्या अक्षरांसमोर गिऱ्हाइकाला बसवून तो भिंगामागून भिंग लावायचा आणि विचारायचा, हे बरं की हे बरं? आणि लोक म्हणायचे, दोन्ही छान आहेत आगा, तुमचा हात लागल्यावर काय विचारता. शेवटची ओळ दिसतेय का? हो हो, अगदी स्वच्छ. मग तोच माणूस दारातून बाहेर पडताना दाराऐवजी काचेवर आपटायचा आणि काचेची माफी मागायचा. इरजला तेव्हा हसू यायचं. निम्मं युसुफाबाद आपल्या हातचे चुकीचे चष्मे लावून फिरतंय हे त्याला ठाऊक होतं. पण पुन्हा या, नीट बघू, असं म्हणणं म्हणजे तुम्ही खोटं बोललात असं म्हणणं. ते कसं म्हणायचं?

एक बाई होती, फक्त एक, जी पहिल्यांदाच 'हो' म्हणाली होती, आणि तिच्याशीच त्याचं लग्न झालं. लग्नाच्या बैठकीत दोघांच्या डोक्यावर पांढरं कापड धरलेलं, वरून मावश्या साखरेचे सुळके एकमेकांवर घासतायत, मौलवींनी विचारलं, वधूची संमती आहे का? रीत अशी की वधू गप्प बसते आणि बायका ओरडतात, वधू फुलं वेचायला गेलीय! पुन्हा विचारतात. वधू गुलाबपाणी आणायला गेलीय! तिसऱ्यांदा विचारलं की मग नजर खाली घालून, वडीलधाऱ्यांच्या परवानगीनं, हो. शहला पहिल्यांदाच म्हणाली. स्वच्छ, मोठ्यानं, 'हो'. फुलं वेचायला पाठवणाऱ्या मावशीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, हातातला सुळका सुटला आणि इरजच्या कॉलरमध्ये साखर सांडली. दिवसभर ती पाठीवर खरखरत होती. इरजची आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरीला भूक लागलीय वाटतं." त्यानंतर आई जिवंत होती तोवर प्रत्येक जेवणाला, शहलानं भाताला हात लावला की, "घे गं घे, तुला कुठं तीनदा विचारावं लागतं." आणि शहला शिकली. इतकी शिकली की ईदला बहिणीकडं गेल्यावर पिस्ते दहा वेळा पुढे केले तरी हात लावायची नाही आणि घरी येऊन उपाशी झोपायची. इरजला आठवेना की त्या लग्नाच्या दिवसानंतर तिनं कधी काही पहिल्यांदाच घेतलं. आणि आता हे 'बरं'. जणू ते 'हो' इतकी वर्षं कुठंतरी जमिनीखालून वाहत होतं आणि आत्ता, चहाच्या टेबलापाशी, वर आलं.

रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगायचं. पण काय सांगायचं? 'मी जा म्हणालो ते खरं नव्हतं'? मग आजवर जे जे म्हटलं त्यातलं काय खरं होतं, असं तिनं विचारलं तर? तिकीट निघालं. खाटेवर बॅग उघडी पडली आणि तिच्यात सुकवलेल्या भाज्या, बाळाचे मोजे, आंबट चेरीचा मुरंबा जमायला लागला. मग शहलाच एकदा म्हणाली, "जायच्या आधी एकदा कवीर बघायचंय मला, ते मिठाचं वाळवंट. इतकी वर्षं तेहरानात राहिले आणि मरंजाबचं मीठ पाहिलं नाही. वरची मेहरअंगीज जाऊन आली. म्हणते, तिथं माणसाच्या आतलं सगळं वाईट पायांतून निघून जातं. काहीतरी ऊर्जा आहे तिथं." "तुझी इच्छा म्हणजे माझ्या डोळ्यांवर," इरज म्हणाला, आणि मनात म्हणाला, तिथं. तिथं सांगायचं. तिथं दारं नाहीत, चहा नाही, शेजारी नाहीत. नुसतं मीठ.

ऊर्जेच्या सहली काढणारे उस्ताद केयहान पूर्वी पाण्याचे कूलर विकायचे. आता पांढरा सदरा, गळ्यात पितळी लंबक, आणि आवाज असा की माणसाला वाटावं आपण आजारी आहोत. गुरुवारी पहाटे त्यांची मिनीबस चौकात उभी होती. इरजनं आधीच हेरून ठेवलं होतं: दोघांची सीट, शहला खिडकीत, आपण शेजारी, काशानपर्यंत सरळ रस्ता, कुठंतरी कुमच्या पुढं सुरुवात करायची. तेवढ्यात एक उंच, दाढी कोरलेला तिशीचा माणूस चढला. रूजबे त्याचं नाव, आई इथली, पण वाढला हॅम्बुर्गला, आईचा देश बघायला आला होता. फार्सी बोलायचा स्वच्छ, पण पुस्तकातून उतरवून घेतल्यासारखं. इरज जीभ चालली तसा उठला. "या, इथं बसा ना, इथून छान दिसतं."

"खरंच?" रूजबे म्हणाला, आणि बसला.

इरज उभाच राहिला. मग मागच्या बाकावर, तंबूचे बांबू आणि उस्तादांची सतरंजी यांच्यामध्ये त्यानं स्वतःला घुसवलं. तिथून शहलाच्या रुमालाचं टोक तेवढं दिसत होतं आणि तिच्या शेजारी त्या माणसाचा रुंद खांदा. बांबू दर वळणावर त्याच्या बरगडीत घुसत होते. पुढून शहलाचं हसणं ऐकू आलं. कशाला हसली? तिला खिडकीतून काय दिसतंय? त्याला पाठीमागच्या काचेतून फक्त येऊन गेलेला रस्ता दिसत होता. येणारं काही नाही, नुसतं गेलेलं. कुमचे मिनार आले तेही उलटे, लांब लांब जाताना. त्याला आठवलं, तरलान गेली त्या पहाटे रीतीप्रमाणे शहलानं टॅक्सीच्या मागं वाडगंभर पाणी टाकलं होतं. मागं पाणी टाकलं की जाणारा परत येतो. पण हात थरथरला आणि निम्मं पाणी गल्लीतल्या मांजरावर पडलं. तरलान अजून आली नाही. मांजर रोज येतं.

काशानजवळ थांबले तेव्हा शहलानं सकाळी उठून केलेली कटलेटं, पातळ रोटीत गुंडाळून, काकडीच्या लोणच्यासकट, इरजच्या हातात दिली. "खूप वास सुटलाय," रूजबे म्हणाला. "घ्या ना, तुमच्यासाठीच केलीयत," इरज म्हणाला. रूजबेनं घेतली, दोन्ही, आणि मन लावून खाल्ली, आणि बोटं पुसत म्हणाला, "इरज आगा, या देशातले लोक किती देतात हो! तिकडं कोणी असं देत नाही." इरज म्हणाला, "तुमच्यावरून ओवाळून टाकलं." शहला बघत होती. तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. दया होती, गंमत होती की आणखी काही, त्याला ते त्या अंतरावरून वाचता येईना. शेवटची ओळ. हे बरं की हे बरं?

मरंजाबला पोचले तेव्हा ऊन कललं होतं. वारा सुटला आणि थंडी खुपायला लागली. इरजनं कोट चढवला. तरलाननं पाठवलेला, उंटाच्या रंगाचा, त्याच्याकडची एकमेव गोष्ट जी परदेशातून त्याच्याकडं आली होती. एरवी सगळं इकडून तिकडं जायचं. "काय सुंदर कोट!" रूजबे म्हणाला. इरजला कळलं. कळलं की आता तोंड मिटून ठेवलं पाहिजे, ओठ दातांत धरले पाहिजेत. "तुमचाच आहे," तो म्हणाला. रूजबेनं हात पुढे केले. "मोठा उपकार झाला. मी फक्त पातळ जाकीट आणलं होतं." मिठाच्या तळ्याच्या काठावर, फक्त स्वेटरवर, इरज उभा राहिला आणि त्याला जाणवलं की आपल्या हातून एक एक करून सगळं जातंय आणि प्रत्येक वेळी देणारा आपणच आहोत. कोणी हिसकावून घेत नाहीये. तक्रार करायलासुद्धा जागा नाही.

समोर मीठ होतं. नुसतं पांढरं, फुटलेल्या ताटल्या एकमेकींना लावून ठेवाव्या तसं, क्षितिजापर्यंत. त्याच्या पलीकडं सरगर्दान बेट. डोंगराचा एक काळा तुकडा, जमिनीला न टेकलेला. बघता बघता तो थोडा डावीकडं सरकल्यासारखा वाटायचा. लोक म्हणतात ते बेट भटकतं. इरजनं चष्मा पुसला. चष्म्याचा दोष नव्हता. इतकी शांतता होती की स्वतःच्या कानांतलं रक्त ऐकू येत होतं. दुकानातल्या मागच्या खोलीत, दिवा मालवल्यावर, गिऱ्हाइकानं श्वास रोखून धरलेला असायचा तशी शांतता. त्याला वाटलं, इथं खरं बोलणं सोपं असेल असं समजून आपण आलो, पण इथं तर एकही शब्द उच्चारणं अवघड आहे. इथं शब्द पडला की त्याचा आवाज होईल.

उस्तादांनी सगळ्यांना बूट काढायला लावले. लंबक हातात धरून ते डोळे मिटून फिरू लागले आणि वाऱ्यानं लंबक त्यांच्या दाढीत अडकला. पुन्हा आलेल्या मेहरअंगीजनं तो सोडवून दिला. "जोडीजोडीनं चालत जा," उस्ताद म्हणाले. "तळवे मिठाला टेकू द्या. वाईट ऊर्जा खाली जाईल. आणि जोडीदाराला एक गोष्ट सांगा, जी कधी सांगितली नाही. कवीर खोटं घेत नाही." एका जोडप्यातला नवरा लगेच म्हणाला, "आधी तू सांग," आणि बायको म्हणाली, "नाही, आधी तू," आणि ती दोघं तिथंच उभी राहिली.

इरज आणि शहला चालत गेले. मिठाच्या कडा तळव्यांना टोचत होत्या. शहलाचे पाय त्यानं फार दिवसांनी पाहिले: टाचांना भेगा, अंगठ्याजवळ हाड वर आलेलं. हे पाय दुसऱ्या देशातल्या लाकडी फरशीवर चालणार. बाळाला खांद्यावर घेऊन, इकडून तिकडं, ज्या खोलीचा आकार आपल्याला माहीत नाही अशा खोलीत.

"शहला."

"काय रे?"

"जाऊ नकोस."

शहला थांबली. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. इतका मऊ, की क्षणभर इरजला वाटलं, झालं, सुटलो. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "तुझी मेहरबानी, इरज जान. तू चांगलाच आहेस रे. मनावर घेऊ नकोस, मी रागावून जात नाहीये."

आणि इरजला कळलं की तिनं ते तसंच घेतलंय. दारात उभ्या पाहुण्याला म्हणतात ते. जाऊ नका हो, आत्ता तर आलात, इथंच झोपा, गाद्या घालतो. एका हातानं त्याचे बूट सरळ करून ठेवत म्हणतात ते. हे वाक्य त्यानं आयुष्यभर शेकडो माणसांना म्हटलं होतं, आणि त्यातल्या एकानंही थांबावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आता खरंच थांबवायचं होतं तर हातात तेच एक वाक्य होतं, गुळगुळीत, हजार हातांतून फिरलेलं. दुसरं कुठून आणायचं? एखादा न वापरलेला शब्द आपल्याकडं कधी होता का? असेल, तर तो कुठं ठेवलाय?

"नाही गं, खरंच. जाऊ नकोस."

"लाजवू नकोस मला," शहला हसून म्हणाली, अगदी रीतीप्रमाणे, दुसऱ्या वेळेला म्हणतात तसं.

तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदाचं खरं. इरजनं श्वास घेतला, तिच्याकडं वळायला एक पाय बाजूला टाकला, आणि पायाखालची ताटली कुरकुरली, फुटली, आणि तो मांडीपर्यंत खाली गेला.

मिठाखाली चिखल होता. काळा, गार, जड, जुन्या विहिरीसारखा वास असलेला. दुसरा पाय वर आडवा राहिला होता, त्यामुळं तो ना बसलेला होता ना उभा. लोक धावत आले आणि फुटलेल्या कडेपासून अंतर राखून गोल उभे राहिले. "आगा, तुम्ही धरा, तुम्ही वडील आहात." "छे, तुम्ही इंजिनियर, तुमच्या पुढं मी कसा हात घालू?" "उस्ताद असताना आपण?" उस्ताद म्हणाले, "नको, नको, मान तुमचा." आणि चिखलातून इरज स्वतःच म्हणत होता, "कशाला त्रास घेता, मी ठीक आहे, तुम्ही आधी चहा घ्या." त्याला आपलाच आवाज ऐकू येत होता. चिखल मांडीला चोखत होता, हळू, न थांबता, आणि तोंड आपलं आभार मानत होतं.

रूजबेनं मध्ये घुसून त्याला काखेत धरलं आणि एका झटक्यात बाहेर ओढलं. न विचारता. कोटाच्या बाहीला चिखल लागला. "माफ करा," रूजबे बाहीकडं बघत म्हणाला, "तुमचा कोट." मग आठवून म्हणाला, "म्हणजे माझा."

रात्र बायकांच्या आणि पुरुषांच्या वेगवेगळ्या तंबूंत गेली. परतीच्या वाटेवर शहला पुन्हा खिडकीत होती आणि इरज पुन्हा बांबूंमध्ये. चिखल पायावर वाळून तडकत होता, त्या मिठासारखाच, ताटल्या ताटल्यांनी. तिसरी वेळ अजून शिल्लक होती. तो ती जपत होता, काठोकाठ भरलेला पेला गर्दीतून न्यावा तशी, हिंदकळू न देता. शुक्रवारी दुपारी विमानतळाच्या फाट्यावर रूजबे उतरला, त्याचं विमान संध्याकाळचं होतं. त्यानं इरजला मिठी मारली आणि कोटाची बटणं लावत निघून गेला.

युसुफाबादला, आपल्या मजल्यावर, आपल्या दारापुढं उभं राहिल्यावर इरजनं खिसा चाचपला. मग दुसरा. मग त्याला दिसलं, घराची किल्ली उंटाच्या रंगाच्या लोकरीत, उजव्या खिशात, विमानतळावर रांगेत उभी आहे.

"तुझी?" त्यानं विचारलं.

"आत, बॅगेत," शहला म्हणाली. "तुझ्याकडं होती ना."

ते पायरीवर बसले. जिन्यात कोणाकडचा तरी कांदा परतल्याचा खमंग वास हवेत होता. शहलानं बूट काढले आणि पाय दाबू लागली. "गेलं का रे तुझं काही? पायांतून?" ती म्हणाली. "माझं काही गेलं नाही. नुसत्या भेगा झोंबतायत."

"शहला, जाऊ नकोस," इरज म्हणाला. त्याचा आवाज फाटका निघाला, पायात काटा रुतल्यावर निघतो तसा. "मी तेव्हा जा म्हणालो ते म्हणायचं म्हणून म्हणालो. मला अंडं उकडता येत नाही."

शहलाचा हात पायावरच थांबला. तिनं पाय खाली टेकवला. मग म्हणाली, "मला माहीत होतं की."

"काय?"

"तू म्हणायचं म्हणून म्हणालास ते. मी काय आजची आहे? मी मुद्दाम घेतलं. एकदा घेऊन बघू म्हटलं, पहिल्याच वेळेला. काय सांगू तुला, इरज, आत जाऊन भांडी विसळत होते आणि हात हलके झाले होते माझे. तुझ्या आईच्या पातेल्यातला भात, कोणी बघत नसताना, मूठभर उचलून खावा तसं वाटलं. त्या पोराकडं बघत होते मी गाडीत. कटलेट खाल्ली, खूश. कोट घेतला, खूश. तुला वर ओढलं, खूश. कसलं ओझंच नाही त्याला." ती त्याच्याकडं वळली. "पण आत्ता तू म्हणालास ते... आत्ताचं खरं होतं का रे? तिकीट बदलून मिळतं म्हणतात. थोडे दिवस पुढं ढकलून..."

इरजचा फोन वाजला. जिन्यात तो फार मोठ्यानं वाजला. पलीकडं रूजबे होता, मागं विमानाच्या घोषणा. "इरज आगा, खिशात किल्ली आहे! घराची असणार. अजून वेळ आहे, टॅक्सीवाल्याबरोबर पाठवू का?"

"अहो, कशाला एवढा त्रास," इरज म्हणाला. "राहू द्या तुमच्याजवळ. तुमचंच घर आहे."

"बरं," रूजबे म्हणाला, आणि फोन बंद झाला.

शहला हसायला लागली. गुडघ्यावर कपाळ टेकून, खांदे हलेपर्यंत हसली, आणि इरजही हसला, कारण ती हसत होती. मग तिचे खांदे थांबले तरी तिनं डोकं वर केलं नाही. "ह्यालाही तू अगदी तसंच म्हणालास," ती गुडघ्यातच म्हणाली. "तोच आवाज. मग मला कसं कळायचं रे, कुठलं कुठलं?" इरजनं तोंड उघडलं. चौथी वेळ अशी काही रीतच नव्हती. तिसरीनंतर काय म्हणतात ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी नळ चालू झाला आणि भिंतीतून पाणी खाली खाली जात राहिलं. शहलानं डोळे पुसले, बूट घातले आणि ती मेहरअंगीजकडून कुलूपवाल्याचा नंबर आणायला वर गेली. तिकिटाचं पुन्हा कोणी काढलं नाही.

ती गेली त्या सकाळी इरज इमारतीच्या दारात वाडगं घेऊन उभा होता. मेहरअंगीजनं पाण्यात गुलाबाच्या दोन पाकळ्या टाकून दिल्या होत्या. शहला टॅक्सीत बसली, काच खाली केली, काच वर केली. टॅक्सी सुरू झाली. इरजनं वाडगं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. हात थरथरत नव्हता. मांजर भिंतीपाशी लांब बसलं होतं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे इंजिनियर आगा गरम रोटी हातावर टाकून आले आणि दारात थबकले.

"आधी तुम्ही," ते म्हणाले.

"छे छे, गरम रोटी आहे हातात, आधी तुम्ही," इरज म्हणाला.

"तुम्ही बाहेर निघालायत, आधी तुम्ही."

"तुम्ही असताना माझी काय टाप."

शेवटी इंजिनियर आगा आत गेले. इरज बाहेर आला तेव्हा टॅक्सी कोपऱ्यावरून वळून गेली होती आणि वाडगं काठोकाठ भरलेलं होतं.